चुन्याची फुली

माडावर चढण्याआधी इनास रोद्रिग मडक्यावर चुन्याचा क्रूस काढायचा. बापाने काढला, आज्याने काढला, म्हणून तोही काढायचा. मधलं बोट चुन्याच्या डबीत बुडवायचं, मडक्याच्या पोटावर एक उभी रेघ, एक आडवी रेघ, की झालं. त्यात फार मोठी भक्ती होती असं कुणी समजू नये. सकाळी उठून चूळ भरावी तसं ते हात आपोआप करत.

सरकारला मात्र चुना मडक्याच्या आत हवा होता. दारूबंदी आली आणि खाडीकाठच्या आमच्या वाडीत माडाचा रस काढणाऱ्यांना दोनच वाटा उरल्या. मडकं आतून चुन्याने फासून पोयीला, म्हणजे माडाच्या कोवळ्या फुलोऱ्याला बांधलं, तर रात्रभर ठिबकलेला रस सकाळपर्यंत गोड राहतो. त्याला नीरा म्हणायचं आणि सरकारी केंद्रावर नेऊन घालायचं. चुना नसला तर तोच रस उजाडेपर्यंत फेसाळतो, त्याची माडी होते आणि ती उतरवणारा आत जातो. कायदा आणि गुन्हा यांच्यामध्ये बोटभर चुना, एवढंच अंतर होतं.

इनासला नीरेचं लायसन होतं, दहा माडांचं. प्रत्येक माडाच्या बुंध्यावर खात्याच्या माणसाने डांबराने नंबर घातलेला. अकरावा माड बिननंबरी होता. तो इनासच्या आणि शिवा मयेकराच्या जागेमधल्या बांधावर उभा होता, म्हणजे उभा कसला, अर्धा खाडीवर ओणवलेला. मोजायला आलेल्या साहेबाने त्याच्याकडे पाहिलं आणि हा पडणारच आहे म्हणून सोडून दिला. माड काही पडला नाही. त्याच्यावर इनास रोज संध्याकाळी एक मडकं बांधत असे. त्या मडक्यावर बाहेरून क्रूस असायचा आणि आत चुना नसायचा.

ही माडी पिण्यासाठी नव्हती. इनासची बायको कातरीन पाव भाजायची. परड्यात मातीची भट्टी होती, सासूने सासऱ्याकडून बांधून घेतलेली. आमच्याकडचा पाव माडीवर फुगतो. मुंबईहून डब्यातून आंबवण येतं म्हणतात, ते यष्टीच्या टपावर तापून मरून यायचं. माडीशिवाय पीठ फुगत नाही आणि पीठ फुगलं नाही तर पाव होत नाही, इतकी ती साधी गोष्ट होती. कातरीनचा पाव मास्तर खात, दवाखान्यातले आजारी खात, इगर्जीतला पाद्री खाई. दारूबंदीचे साहेब नाक्यावर बिऱ्हाड करून होते, त्यांच्याकडेही रोज सहा पाव जात. साहेब ते चहात बुडवून खात आणि असा पाव आपल्या घाटावर मिळत नाही म्हणून तारीफ करत. तो कशाने फुगतो हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगण्याइतका आमच्या वाडीत कुणी खुळा नव्हता.

अठ्ठावन्न साली उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात इनासचा पाय गेला. दवाने ओल्या झालेल्या खाचेवरून तो घसरला, दोन पुरुष खाली आला आणि घोटा मुरगळून बसला. आंबेहळदीचा लेप लावून पाय उशीवर ठेवला, तरी तो भोपळ्यासारखा सुजला. माड आठवडाभर कापायचा राहिला तर पोय सुकते, आणि सुकलेली पोय पुन्हा रस देत नाही. म्हणून शिवा आला.

शिवा जातीचा भंडारी. माडावर तो इनासपेक्षा हलका. लायसनासाठी दोघांनी एकाच दिवशी अर्ज केला होता, पण शिवा पूर्वी एकदा माडी उतरवताना सापडून तीन महिने तुरुंगात बसून आला होता, म्हणून त्याचा अर्ज बाजूला पडला. तेव्हापासून तो लोकांच्या होड्यांना डांबर लावी, कुंपणं घाली. त्याची बायको नर्मदा खाडीत शिंपल्या काढी. घरात तीन पोरं. इनासचं लायसन त्याच्या मनाला लागलं असेलच, पण ते त्याने कधी तोंडावर दाखवलं नाही. लायसन नसलेल्या माणसाने चढणं हाही गुन्हाच होता. पण केंद्रावरच्या माणसाला नीरेशी मतलब, ती कोण उतरवतो याच्याशी नव्हता.

शिवाच्या हातात कोयती देताना इनासने मडकी पुढ्यात घेतली आणि बसल्या जागी अकराही मडक्यांवर क्रूस काढले. शिवा हसला. तुझो देव माका पडाक देवचो नाय, एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शिवाने दहा मडकी उतरवून केंद्रावर पोचवली आणि तो अकराव्यासाठी परत आला. मडकं कमरेला लावून खाली उतरला, तर बांधाच्या आडोशाला दारूबंदीचे साहेब, एक जमादार आणि दोन पंच उभे. कुणी चहाडी केली होती का साहेब सहज फिरायला निघाले होते, ते शेवटपर्यंत कळलं नाही. जमादाराने मडक्यात बोट घातलं. बोटाला फेस आला, चुना नाही आला.

शिवाला तसंच धरून इनासच्या खळ्यात आणलं. इनास सोप्यावर पाय पसरून बसलेला. कातरीन भट्टीपुढून उठली, हाताला पीठ तसंच. इनासची म्हातारी माय आत जप करत होती, तिचा आवाज थांबला.

साहेबांनी विचारलं, "हे मडकं तुझं का?"

इनासने मडक्याकडे पाहिलं. त्यावरचा क्रूस दवाने ओलसर पांढरा होता. तो म्हणाला, "साहेब, माझे माड दहा. नंबर घातलेले."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. खोटं बोलायचं नाही हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं, त्यामुळे घाबरल्यावरसुद्धा तो खऱ्यातलंच निवडून बोलला.

"मग हे कुणाचं?"

"माझा," शिवा म्हणाला. "मडका माझा, माडय माझो. हेचो काय संबंद नाय."

जमादार पायरीवर बसून पंचनामा लिहायला लागला. मडक्याचं वर्णन लिहायचं होतं. तो घाटावरचा, साताऱ्याकडचा. त्याने मडकं फिरवून पाहिलं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "मडक्याच्या बाहेरील बाजूस चुन्याची फुली आहे." दोन्ही पंच आमच्या वाडीतले. त्यांनी इनासकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि फुलीच्या खाली सह्या केल्या. फुली कुणाचीही असू शकते. मडक्यावरचा क्रूस वाडीत एकाच माणसाचा होता.

शिवाला चार दिवस कोठडीत ठेवलं. मग खोतांचे दाजी जामीन राहिले म्हणून तो घरी आला. खटल्याची तारीख पडली पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधीच्या बुधवारी. इनासला साक्षीचं समन्स आलं. नीरेचा लायसनदार आणि आरोपीचा शेजारी म्हणून सरकारतर्फे त्याने सांगायचं होतं, की मडक्यावरची फुली त्याने पाहिली होती.

घरी आल्यावर दहा माड पुन्हा शिवाच कापू लागला, पण अकराव्या माडावर आता कुणी मडकं बांधत नव्हतं. कातरीनने चार दिवस जुन्या पिठाचा गोळा राखून त्यावर काम भागवलं. पाचव्या दिवशी तो गोळा इतका आंबट झाला की भट्टीतून निघालेल्या पावाला वास यायला लागला. मग बिनआंबवणाचा पाव भाजला. तो टिचभर फुगला आणि बसला. मास्तरांनी नाइलाजाने घेतला. दवाखान्यातून कंपाउंडर सांगायला आला की आजाऱ्यांना चावत नाही. साहेबांच्या बिऱ्हाडातून सहाही पाव फडक्यात बांधून परत आले, बरोबर निरोप, की हल्ली हाताला काय झालं आहे तुमच्या. कातरीनने फडकं सोडलं, पाव एकेक करून चुलीच्या कडेला लावले आणि बराच वेळ पदराने हात पुसत बसली. त्या हातांना काही झालं नव्हतं. माय दात नसलेल्या हिरड्यांनी तो पाव चहात भिजवून चघळायची आणि म्हणायची, ह्या पापाक उपासाचे दीस बरे गावले.

शिवा कोठडीतून आल्यावर इनास काठी टेकत त्याच्या खळ्यात गेला. शिवा जाळीचं कुंपण वळत होता. त्याने मान वर केली नाही. इनास म्हणाला, की मी कोर्टात खरं सांगतो.

"खरा सांगून काय करशीत?" शिवा म्हणाला. "मडका माझ्या हातात गावला. मी आदी एकदा बसलेलो. माका सोडूचे नाय, तुकाय धरतीत. तुझा लायसन जायत. मगे दोनय घरा कोणी बघूची?"

"तू माझ्यासाठी कित्याक बसतंस पण?"

"तुझ्यासाठी खंय रे बसतंय." शिवाने काथ्याची गाठ दातांनी आवळली. "माझी पोरा तुझ्या घरचो पाव खातत. तू आत गेलंस तर तो बंद. मी गेलंय तर तो चलतलो. ह्यो हिशोब नर्मदेन घातलोहा, माझो न्हय. आता गप रव. तुका बोलूचाच आसात तर तुझ्या देवाकडे जावन बोल."

आत नर्मदा शिंपल्या फोडत होती. तिच्या सुरीचा आवाज सगळा वेळ चालू होता, तो फक्त या शेवटच्या वाक्याला थांबला.

इनास देवाकडे गेला. आमच्या इगर्जीत तेव्हा लोरेन्स पाद्री होते, वसईकडचे, तरुण, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारे. उपासाच्या रविवारी त्यांनी सांगितलं होतं, की सरकारचा कायदा देवाच्या आज्ञेविरुद्ध जात नाही तोवर तो पाळणं हेही देवाचंच काम आहे. कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल करायला, रांग होती. इनास जाळीपुढे गुडघ्यावर बसला, तेव्हा दुखरा घोटा लाकडावर दाबला गेला आणि त्याला बरं वाटलं. काहीतरी आपसूकच फिटतं आहे असं वाटलं.

त्याने सगळं सांगितलं. माड, मडकं, पाव, शिवा. दुपारचं ऊन कौलांच्या फटीतून येत होतं आणि आत घामाचा आणि जुन्या लाकडाचा वास कोंडला होता.

मग पाद्री जाळीमागून म्हणाले, "तो पाव मीही खाल्ला आहे. दोन वर्षं. कशाने फुगतो हे मीही विचारलं नाही. ते माझं मी बघेन. कायदा तू मोडलास, मोडायला नको होता. पण पावासाठी मोडलास, ते एक वेळ मी समजून घेईन. दुसऱ्या माणसाला आपल्या जागी उभं केलंस, ते समजून घ्यायचा अधिकार मला नाही. कोर्टात खरं सांगेन, एवढं म्हण. मी आत्ता क्षमा देतो."

इनासने शिवाचं बोलणं सांगितलं. एकाच्या जागी दोघे जातील, तीन पोरं आहेत. "पाद्रीबाब, देवाक ता बरा दिसात?"

"देवाला खरं दिसतं," पाद्री म्हणाले, आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर मलाही भीती वाटली असती. पण सांगणं हेच आहे. दुसरं माझ्याकडे नाही."

इनासला ते एवढं म्हणता आलं नाही. तोंड उघडलं, की नर्मदेची सुरी थांबलेली ऐकू यायची. तो क्षमेवाचून उठला. बाहेर रांगेतल्या बायकांनी पाहिलं की इनास फार वेळ आत होता आणि बाहेर येऊन प्रार्थनेला न बसताच गेला. बायका असल्या गोष्टी बरोबर पाहतात.

बुधवारी पहाटेच्या होडीने खाडी ओलांडून तिघे तालुक्याला गेले. शिवा, नर्मदा आणि काठी घेतलेला इनास. होडीत नर्मदेने फडकं सोडलं. कातरीनने दिलेला बसका पाव होता. तिघांनी तो मोडून खाल्ला. खाताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. इनासने रात्रीच ठरवलं होतं की खरं सांगायचं. सकाळी उठल्यावर ठरवलं होतं की गप्प राहायचं. होडी पलीकडे लागली तेव्हा काय ठरलं आहे हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

कोर्टात गर्दी नव्हती. मॅजिस्ट्रेट घाटावरचे, पोटाच्या विकाराने वैतागलेले. टेबलावर मडकं ठेवलेलं होतं. ते धुऊन स्वच्छ केलेलं. मुद्देमालाच्या खोलीत त्याला मुंग्या लागल्या म्हणून कुणीतरी पोरसवदा शिपायाने विहिरीवर नेऊन घासून आणलं होतं. माडीचा नमुना बाटलीत भरून लाखेने बंद केला होता, ती बाटली चैत्राच्या उन्हात आपोआप फुटली होती. ते ऐकताना बाकावर बसलेले सगळे खाली बघून हसले. माडी बंद करून ठेवायची नसते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा पुरावा म्हणून राहिला तो पंचनामा, आणि पंचनाम्यातली फुली.

इनासला पिंजऱ्यात उभं केलं. पट्टेवाल्याने कपाटातून त्याचं पुस्तक, बायबल, शोधून आणलं. ते इंग्रजीत होतं आणि त्यावर धूळ होती. पट्टेवाल्याने ते आपल्या बाहीला पुसलं, हे इनासला बरं वाटलं. पुस्तकावर हात ठेवून तो देवासमक्ष खरं बोलेन म्हणाला.

सरकारी वकिलांनी विचारलं, की पंचनाम्यात लिहिलं आहे, मडक्याच्या बाहेर चुन्याची फुली होती. चोरट्या माडीचं मडकं ओळखू यावं म्हणून आरोपी अशी खूण करतो. तुम्ही त्या दिवशी हे मडकं पाहिलंत. ही फुली पाहिलीत का?

इनासच्या समोर पुस्तक होतं, पुस्तकावर त्याचा हात होता. साहेबासमोर बोलायचं मराठी त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं, ते सगळं गेलं. क्रूसाला हे फुली म्हणतात, एवढं एकच त्याच्या मनात राहिलं, आणि त्याच्या तोंडून आलं, "फुली न्हय."

तो क्रूस, आणि तो माझो, एवढं पुढे यायचं होतं. पण त्याआधीच कारकुनाची लेखणी चालायला लागली.

आमच्या भाषेत नाय वेगळं आणि न्हय वेगळं. फुली नाय म्हणजे फुली नव्हतीच. फुली न्हय म्हणजे ती होती, पण ती फुली नव्हे, दुसरं काहीतरी आहे. हे खाडीकाठच्या पोरालाही कळतं. कारकून मात्र घाटावरचा होता. त्याने लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, "फुली नव्हती."

मॅजिस्ट्रेटने मान वर केली. "पंचनाम्यात फुली आहे. मडक्यावर नाही. सरकारचा साक्षीदार म्हणतो नव्हती. काय चाललंय काय?" मग इनासकडे वळून म्हणाले, "नीट सांगा. फुली नव्हती?"

कोर्टात जितके आमच्याकडचे होते तितक्यांना कळलं होतं. पट्टेवाल्याने नजर पायांकडे नेली. दोन्ही पंच भिंतीकडे बघत होते. नर्मदेने पदर तोंडात धरला होता. शिवा फक्त मडक्याकडे पाहत होता, अगदी नवीन मडकं विकत घ्यायला आल्यासारखा.

इनासला त्या क्षणी सगळं दिसलं. पुढचं वाक्य बोललं तर शिवा जातो, आपण जातो, भट्टी थंड होते. नाही बोललं तर तिघेही दुपारच्या होडीने घरी जातात, लायसन राहतं, कुणाचंही वाईट होत नाही. फक्त हाताखाली पुस्तक होतं. त्याला वाटलं, हे दार त्याच्या चुकीने उघडलं की देवाने उघडलं, हे तरी कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. मॅजिस्ट्रेट वाट पाहत होते, आणि त्यांचं पोट दुखत होतं.

"नाय, साहेब," इनास म्हणाला. "नव्हती."

शिवा सुटला. साहेबांना पंचनाम्यावरून चार शब्द ऐकून घ्यावे लागले. बाहेर वडाखाली नर्मदा इनासच्या पाया पडली. त्याला पाय मागे घ्यायचा होता, पण दुखऱ्या घोट्यावर भार टाकता येईना, म्हणून तो तसाच उभा राहिला आणि तिने दोन्ही पायांना हात लावला. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

वाडीत बातमी त्यांच्याआधी पोचली होती. इनास हुशार निघाला, एका शब्दात सरकारला गार केलं, म्हणून लोक हसत होते. शाळेतली पोरंसुद्धा एकमेकांना विचारायला लागली, फुली नाय की फुली न्हय. कातरीनने त्याला गरम पाणी दिलं, पाय शेकला, आणि शेकता शेकता म्हणाली, "तुमी घरी इल्यात. माका तेवढा पुरे." तिला ते खरंच पुरत होतं.

शनिवारी शेवटचा कुमसार होता. इनास रांगेत उभा राहिला, पुढे सरकला, आणि जाळीपाशी आल्यावर मागच्या बाईला पुढे जा म्हणून बाजूला झाला. असं दोनदा झालं. त्याची अडचण साधी होती. पाद्री विचारणार, पश्चात्ताप झाला का. शिवा घरी होता, त्याची पोरं त्या सकाळी खळ्यात खेळताना त्याने पाहिली होती. त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. पुन्हा तिथे उभं केलं तर पुन्हा तेच बोलेन, हेही त्याला माहीत होतं. आणि ज्याचं वाईट वाटत नाही त्याची क्षमा मागायची म्हणजे खळ्यातलं आणि कोर्टातलं धरून हे तिसरं खोटं, तेही जाळीसमोर. तो तिसऱ्यांदा रांगेत उभा राहिला नाही.

पास्काच्या मिसेला सगळी वाडी नवे कपडे घालून आली. ओस्ती, म्हणजे मिसेतला प्रसाद, घ्यायला एकेक बाक उठून पुढे गेला; कुमसारात क्षमा मिळाली नसेल त्याला ती घेता येत नाही. इनासचा बाक उठला. कातरीन गेली. माय म्हातारी, तिने त्याचा कोपर धरला, त्याने उठावं म्हणून ओढलं, आणि तो उठत नाही हे कळल्यावर हात सोडला आणि एकटी भिंत धरत गेली. पाद्रींनी सगळ्यांना ओस्ती दिली. शेवटचा माणूस परतल्यावर ते आत वळले नाहीत. हातात भांडं धरून ते तिसऱ्या बाकाकडे बघत उभे राहिले. गावाला ते फार वेळ वाटलं. इनास पुढच्या बाकाच्या लाकडावरची रेघ बघत होता. मग पाद्री वळले.

इनास घरी आला तर शिवा त्याच्या खळ्यात येऊन बसला होता, सणाचं म्हणून पोरांना घेऊन. तो जायला निघाला तेव्हा सहज म्हणाला, की साहेब आता तीन महिने तरी या बाजूला फिरकत नाहीत, अकराव्या माडाची पोय अजून जिवंत आहे, कोठडीतून आल्यापासून मी रोज तिची एक चकती कापून ठेवली आहे. त्यापाठोपाठ साहेबांच्या बिऱ्हाडातला गडी आला. सणाच्या शुभेच्छा, आणि बाईसाहेबांनी विचारलं आहे, की पूर्वीसारखा पाव कधीपासून मिळेल.

कातरीनने ते ऐकलं. ती आत गेली आणि दहा जुनी नि एक नवं अशी अकरा मडकी बाहेर आणून सोप्यावर ओळीने मांडली. चुन्याची डबी शेजारी ठेवली. दहा मडकी इनासने आतून नीट फासली, बोट वळवून वळवून, कुठे रिकामी जागा राहू नये अशी. अकरावं तसंच कोरडं ठेवलं. त्यात त्याच्या मनाने काही ठरवलं नव्हतं. ते आधीच ठरवलेलं होतं, साहेबांसकट सगळ्यांनी मिळून.

मग पहिलं मडकं मांडीवर घेऊन त्याने बोट चुन्यात बुडवलं. हात सवयीने वर गेला, उभी रेघ काढायला. तिथेच थांबला. चुना बोटावरून ओघळून मनगटापर्यंत आला. इनासने मडकं थोडं कलतं केलं आणि एक तिरकी रेघ ओढली. तिच्यावर दुसरी तिरकी.

माय दारात बसून बघत होती. तिची नजर कमी झाली होती, पण हे तिने पन्नास वर्षं पाहिलेलं होतं. नवऱ्याच्या हातचं आणि मुलाच्या हातचं.

"पुता," ती म्हणाली, "क्रूस वाकडो इलोहा रे."

"क्रूस न्हय तो, माय," इनास म्हणाला. "फुली."

त्याने ते मडकं बाजूला ठेवलं आणि दुसरं ओढलं. दहाही झाल्यावर कोरडं अकरावं मांडीवर घेतलं, आणि पंचनाम्यात लिहिली होती तशी फुली त्याच्यावर काढली.